राघोमिस्त्रींचा तंबोरा मुका नाही

अध्यक्षमहाराज, यशोदाकाकू, आणि कर्जत, कळंब, पोशीर, खालापूरकडून आलेली सगळी मंडळी,

मला सभेत बोलायची सवय नाही. मंडळाच्या सभा होतात तेव्हा मी त्या कोपऱ्यात बसतो. समोर दौत असते. दुसरे बोलतात, मी लिहितो. आज पहिल्यांदा उभा राहिलोय. हे मनोगत मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. चौथा कागद घेऊन आलोय. जरा सांभाळून घ्या.

ज्यांना मी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझं नाव सदाशिव. अण्णाशेटांच्या भातगिरणीत कारकून आहे. मराठी सहावीपर्यंत शिकलो, पुढे जमलं नाही. पण अक्षर बरं आहे आणि शुद्धलेखन चुकत नाही, म्हणून आपल्या देवळाच्या गायन मंडळाची पत्रं गेली चार वर्षं मी लिहितो.

राघोमिस्त्रींचं तेरावं काल झालं. माझ्याआधी तिघं बोलले. चांगलं बोलले. मिस्त्री सरळ होते, कुणाच्या अध्यात नव्हते, त्यांनी केलेला नांगर दोन पिढ्या टिकतो. सगळं खरं. पण मंडळी, तिघांनीही तंबोऱ्याचं नाव काढलं नाही. रस्त्यात गाय बसलेली असावी तसा सगळ्यांनी त्याला वळसा घातला.

बाहेर मात्र कुणी वळसा घालत नाही. परवा स्टेशनाजवळच्या दुकानात मी चहा पीत होतो. मागच्या बाकावर दोघं बोलत होते. एक म्हणाला, "मिस्त्री गेला रं." दुसरा म्हणाला, "माणूस सोन्यावानी. पन शेवटी हात गेला व्हता त्याचा. देवळातला तंबोरा बगितला नाय का? मुका!"

मी चहा तसाच टाकून उठलो. तिथं काही बोललो नाही. मला तिथंच बोलायला हवं होतं.

हात गेला नव्हता. मंडळी, राघोमिस्त्रींचा हात गेला नव्हता. एवढंच सांगायला मी उभा आहे.

आणि ते आजच सांगायला हवं. का? ही सभा संपली की याच जागी मंडळाची बैठक आहे. तिचा विषय मीच सूचनेच्या कागदावर लिहिलाय. देवळातला तंबोरा माळ्यावर टाकावा आणि मिरजेहून दुसरा मागवावा. आज तो तंबोरा माळ्यावर चढला की मिस्त्रींचा हात गेला होता हे कायमचं ठरलं. मग त्यांच्यासाठी कितीही शोकसभा घ्या.

खालापूरच्या मंडळींना मिस्त्री नांगरवाले म्हणून माहीत. गाडीची चाकं, दाराच्या चौकटी, पाळणे, हे त्यांचं पोटाचं काम. पण तरुणपणी ते घाटावर एका तंतुवाद्यं करणाऱ्याकडे सहा वर्षं राहिले होते. वडील वारले म्हणून कळंबला परत आले, मग कर्जतच्या बाजारात दुकान टाकलं. नांगर करता करता वर्षा-दोन वर्षांत एखादी एकतारी, एखादी वीणा करायचे. कुणी सांगितली म्हणून नाही. करावीशी वाटली म्हणून.

माझी त्यांची ओळख पोस्टकार्डामुळे झाली. त्यांना लिहिता येत नव्हतं. घाटावरच्या एका शेतकऱ्याकडून ते मोठे भोपळे मागवायचे, ते पत्र मी लिहायचो. ते सांगायचे, "लिही. भोपळा जाड सालीचा नको. फार पातळ नको. देठाकडं वाकडा नको. वाळलेला हवा पन तडकलेला नको." मी म्हणायचो, "मिस्त्रीकाका, भोपळा मागवताय की सून?" ते म्हणायचे, "सून वाकडी निगाली तर चालतं रं. घरात मावते."

यशोदाकाकू, तुम्ही आत चुलीपाशी असायचात. तुम्ही हे ऐकून काय म्हणायचात ते मी इथं सांगत नाही.

एकदा मी त्यांना विचारलं. मला प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत चैन पडत नाही, ही माझी खोड. विचारलं, "काका, आवाज तारेचा. मग एवढा भोपळा कशाला? उगाच ओझं."

त्यांनी रंधा खाली ठेवला. एक काठी घेतली. तिच्या दोन टोकांना खिळे मारून त्यावर तार ताणून बांधली. काठी हवेत धरली आणि म्हणाले, "छेड."

मी छेडली. कानाजवळून डास गेला असता तरी जास्त ऐकू आलं असतं.

मग कोपऱ्यातला रॉकेलचा रिकामा डबा त्यांनी ओढला. लढाईचे दिवस, रॉकेल मिळतच नव्हतं, डबे मात्र रिकामे भरपूर. काठीचं टोक डब्यावर टेकवलं. "आता छेड."

मंडळी, समोरच्या दुकानातून हुसेनभाई बाहेर आले. "काय मिस्त्री, डबा गायला लागला काय?"

"डबाच गातोय, हुसेनभाई. तार नुस्ती सांगते. गानारा डबा."

मग मला त्यांनी समजावलं. तार बारीक असते. ती हवेतून सुरीसारखी जाते, हवेला ढकलत नाही. हवेला ढकलायला अंग लागतं. तारा ज्या हाडाच्या तुकड्यावर टेकतात ती घोडी. तार घोडीला हलवते. घोडी खालच्या तबलीला हलवते. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडाची पातळ फळी. तबली पोटातल्या हवेला हलवते. आणि मग ते सगळं मिळून बोलतं. "तंबोऱ्यात तार चार आन्यांची, अंग बारा आन्यांचं," असं ते म्हणायचे. "लोकांना तार दिसते, म्हनून तारेचं नाव."

हे मी ऐकलं होतं. हे मला समजलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे मी जे केलं ते न समजणाऱ्यानं केलेलं नाही.

आपल्या मंडळानं तंबोरा करायला सांगितला तेव्हा मिस्त्रींना काय झालं होतं, ते हुसेनभाईंना विचारा. ते त्या खांबाजवळ उभे आहेत. साठीच्या जवळ आलेला माणूस, आणि नवरदेवासारखा. सात भोपळे मागवले. प्रत्येक भोपळ्याचं तोंड कापायचे, आतला गर खरवडायचे, वाळवायचे आणि मग त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन हुंकार द्यायचे. खालच्या सुरापासून हळूहळू वर. एका जागी आलं की भोपळा आपोआप भरायचा. त्याला लावलेल्या हाताला ते कळायचं. काका म्हणायचे, "हां. ह्यो हितं बोलतो." प्रत्येक भोपळ्याची जागा वेगळी. सातातले सहा त्यांनी बाजूला ठेवले. मंडळाच्या गायकाच्या सुराला जुळेल असा एकच घेतला.

येणारे-जाणारे हसायचे. कळंबचा एक गाडीवान चाक दुरुस्त करायला यायचा. तो म्हणाला, "मिस्त्री, भोपळ्याच्या कानात काय सांगताय?"

काका म्हणाले, "तुजं चाक कवा मिळंल ते त्याला इचारतोय."

"मग काय म्हनतो?"

"म्हनतो, गाडीवानाला घाई हाय, पन डोकं नाय. चाकात वंगन घाल म्हनावं."

तबली शिवणीच्या लाकडाची. ती फळी पाच पावसाळे माळ्यावर वाळत होती. तिच्यावर किती दिवस गेले ते मी सांगू शकत नाही. एक हात रंधा मारायचा, बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान लावायचा. पुन्हा रंधा. पुन्हा टकटक. मी म्हणालो, "काका, झाली की. छान दिसते." ते म्हणाले, "दिसायला तर पहिल्या दिवशीच झाली व्हती. जाड ठेवली तर मजबूत ऱ्हाईल, पन गप ऱ्हाईल. पातळ केली तर बोलंल. फार पातळ केली तर फुटंल. तुज्या काकूला इचार, तांदळाची भाकरी कशी थापतात."

आणि मग एका सकाळी तारा चढल्या. लढाईमुळे चांगल्या तारा मुंबईतही मिळत नव्हत्या. हुसेनभाईंनी कुठून तरी मिळवल्या. त्या सकाळी दुकानात आम्ही तिघंच होतो. काकांनी खर्जाची तार छेडली. फळीवर खिळ्यांची वाटी होती. आतले खिळे कुणी हात न लावता खळखळले. काका म्हणाले, "बग, खिळं उठून बसलं!"

मी तंबोऱ्याला कान लावायला गेलो. ते म्हणाले, "कान नको, दात लाव. दांडीला दात टेकव." मी दात टेकवले. त्यांनी छेडलं. आवाज कानातून आला नाही. दातांतून, जबड्यातून, कपाळाच्या हाडातून आला. माझंच डोकं भोपळा झालं असावं तसा. मी घाबरून मागे झालो. दोघं किती हसले!

म्हणून सांगतो. दुकानातून निघाला तेव्हा हा तंबोरा बोलत होता. मी साक्षीदार आहे. हुसेनभाई साक्षीदार आहेत. मग देवळात येऊन तो मुका कसा झाला?

ते आता सांगतो. हा भाग मला सगळ्यात अवघड आहे.

तंबोरा अण्णाशेटांनी त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ देवाला दिला. चांगली गोष्ट केली. आपल्याकडची रीत तुम्ही सगळे जाणता. देवाला घंटा दिली तर तिच्यावर नाव. समई दिली तर नाव. लग्नातल्या तांब्या-वाटीवर नाव, मुलीच्या हंड्यावर नाव. बाजारात नाव घालणारा ठकठक करत बसलेला असतो आणि आपल्याला ते चांगलं वाटतं. तांब्यावर नाव घातलं म्हणून पाणी सांडत नाही. मग तंबोऱ्यावरही नाव हवं, असं सगळ्या मंडळाला वाटलं. मलाही वाटलं.

पितळेचा पत्रा मिळत नव्हता. तेव्हा अण्णाशेटांनी वडिलांचं जेवायचं ताट काढून दिलं. वडील त्याच ताटात जेवायचे. त्याचा मधला भाग कापून पाटी केली. अण्णाशेट, तुम्ही ते ताट माझ्या हातात दिलंत तेव्हा तुमचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं आहे. त्यात खोट नव्हती. हे मी आधी सांगतो.

पाटीवरचा मजकूर मी लिहून दिला. अक्षरं नाव घालणाऱ्यानं कोरली, मी दोनदा तपासली. एकही चूक नव्हती. मग पाटी कुठे लावायची? समोरून दिसायला हवी. म्हणजे तबलीवर. मी पट्टी घेऊन मापं घेतली. घोडीच्या खाली बरोबर मध्यावर जागा काढली. दोन्ही बाजूंना सारखं अंतर. गिरमिटानं चार भोकं पाडली. मी पाडली. सुताराला बोलावलं नाही. मिस्त्री त्या आठवड्यात पोशीरला एका घराचं काम करत होते, आणि उत्सव तोंडावर आला होता.

स्क्रू बसवले. मी तार छेडून पाहिली. पाटी खुळखुळली. तारेबरोबर पत्र्याचा आवाज यायला लागला. मला ते खपेना. मी कसा आहे ते तुम्हाला माहीत आहे, एक काना इकडचा तिकडे झाला तर मी सगळा कागद पुन्हा लिहितो. मी राळ वितळवली आणि पाटीखाली ओतली. काठोकाठ. थंड झाल्यावर पुन्हा छेडलं. खुळखुळ बंद. मला फार बरं वाटलं.

मंडळी, खुळखुळ बंद झाली, कारण सगळंच बंद झालं होतं. पाच पावसाळे वाळवलेली आणि टकटक करून पातळ केलेली ती तबली. तिच्या उरावर मी ताटाचं पितळ ठेवलं आणि राळेनं चिकटवलं. नाचणाऱ्या माणसाच्या छातीवर जातं बांधावं आणि वर म्हणावं, पाय आपटत नाही आता, फार छान झालं! गंमत बघा. तार तीच. घोडी तीच. भोपळा तोच. तार सांगत होती, पण ऐकणारं अंग मी दाबून धरलं होतं. आणि मला ते त्या दिवशी कळलं नाही. काठी आणि डबा मी डोळ्यांनी पाहिला होता, तरी कळलं नाही. पाटी सरळ बसली आहे ना, एवढंच मी पाहत होतो.

उत्सवाला पुण्याहून गवईबुवा आले. तुम्ही सगळे होतात. बुवांनी तंबोरा लावायला घेतला. एकदा छेडला. पुन्हा छेडला. कान जवळ नेला. मग हसून म्हणाले, "तंबोरा दिसतो मात्र सुरेख." आणि बाजूला ठेवून पेटीवर गायले. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "नांगराला तारा लावल्या की असंच व्हायचं." त्या वेळी सगळं देऊळ हसलं. मिस्त्री तिथं बसले होते, त्या दाराशी. नवीन पागोटं घालून आले होते.

दुसऱ्या दिवशी मंडळानं पत्र दिलं. तंबोरा सदोष आहे, तो परत न्यावा. पत्र मी लिहिलं. मीच घेऊन गेलो. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवलं. तुम्ही विचार करा, मंडळी. माझ्याच अक्षरातलं, माझ्याच तोंडानं.

ते उठले. देवळात आले. तंबोरा उचलला, उजेडात नेला. पाटीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. एकदाच. मग मंडळींकडे वळून म्हणाले, "पाटी काडा. मग बोला."

अण्णाशेट म्हणाले, "माझ्या बापाचं नाव काढू?"

मिस्त्री म्हणाले, "नाव ऱ्हाऊ द्या शेट. दांडीवर मागं लावा, भोपळ्याच्या पाठीवर लावा, जागा मी दावतो. पन तबलीवर नको. ते तिचं तोंड हाय. तुमच्या बापाच्या तोंडावर कुनी ताट ठेवलं असतं तर?"

शब्द कडक होते, कबूल. अण्णाशेटांना लागले. आणि अध्यक्षमहाराज, तुम्ही म्हणालात, "नाचता येईना अंगण वाकडं." पुन्हा सगळे हसले.

अध्यक्षमहाराज, माझं झालेलं नाही. मला बसायला सांगू नका. तुमच्याबद्दल मला आदर आहे. पण अंगण वाकडंच होतं. ते मी वाकडं केलं होतं.

त्या वेळी मी कुठे होतो? त्याच कोपऱ्यात, दौतीपाशी. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. काठी आणि डबा त्यांनी मलाच दाखवला होता. मी उठून एक वाक्य बोललो असतो तर पुरे होतं. मी मान खाली घातली आणि लिहीत राहिलो. का? मी अण्णाशेटांच्या गिरणीत नोकर आहे म्हणून. घरी आई आहे म्हणून. भोकं मी पाडली हे कळलं तर हसतील म्हणून. कारणं पुष्कळ आहेत. त्यांतलं एकही आज सांगायला बरं वाटत नाही.

तंबोरा पाटीसकट दहा महिने देवळातच पडून राहिला. त्यानंतर मिस्त्रींनी एकही वाद्य केलं नाही. उरलेले सहा भोपळे काकूंनी बी साठवायला घेतले. पोशीरचा एक भजनी एकतारी सांगायला आला. त्याला म्हणाले, "मिरजेला जा बाबा. हितं नांगर मिळतात."

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला. मी बघायला गेलो. धीर करून गेलो. सगळं सांगायचं असं ठरवून गेलो. पण त्यांनीच आधी विचारलं. "सदोबा, पाटीखाली राळ कुनी घातली रं?"

मी म्हणालो, "मी घातली, काका."

ते माझ्याकडे कुशीवर वळले. मग म्हणाले, "चांगली घातलीस. कुटं पोकळी नाय ठेवली. निगायची नाय लवकर."

मंडळी, ते टोमण्यानं बोलले नाहीत. ते कारागीर होते. एका माणसानं केलेलं काम त्यांनी टकटक करून तपासलं होतं आणि ते नीट केलेलं होतं, म्हणून तसं सांगितलं. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी आज इथं उभा राहिलो नसतो. घरी बसून रडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

आता तुम्ही मला सांगा. ज्या माणसाला बोटाच्या एका टकटकीत पितळेखालची राळ कळते, राळेत पोकळी नाही हेही कळतं, त्याचा हात गेला होता?

हात गेला होता म्हणणाऱ्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. आज म्हणावं. स्टेशनाजवळच्या बाकावर नको, इथं म्हणावं.

कुणी नाही?

बरं. मग पुढचं ऐका. आज मी पाटी काढली.

आवाज करू नका. पूर्ण ऐका. तंबोऱ्याच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असते. मी कुणाची परवानगी घेतली नाही. पाटी लावताना मिस्त्रींची घेतली नव्हती, काढताना तुमची घेतली नाही. उजाडताच बसलो. स्क्रू काढले. उलथनं निखाऱ्यावर गरम करून राळेत सारत गेलो, अगदी थोडं थोडं. तबली पातळ, हात जरा जड पडला तर फुटायची. पाटी सुटली तेव्हा दुपारची गाडी घाट चढायला लागली होती. खरंच लवकर निघाली नाही.

अण्णाशेट, तुमच्यासमोर धोतराच्या फडक्यात बांधून ठेवलंय ते तुमच्या वडिलांचं नाव आहे. घासून, पुसून ठेवलंय. एका अक्षरालाही धक्का लागलेला नाही. ते नाव मी टाकलं नाही आणि टाकणार नाही. दांडीच्या मागे त्याला जागा आहे, तिथं ते मिस्त्री म्हणाले तसं लावू. उद्यापासून गिरणीत यायचं की नाही, ते तुम्ही सांगाल. नको म्हणालात तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या वडिलांच्या ताटाखाली एका कारागिराचं नाव गाडलं जावं, हे त्यांनाही आवडलं नसतं, असं मला वाटतं. ते माझ्याशी नेहमी नीट बोलायचे.

तंबोरा इथं आहे. सुरात लावलेला नाही. सूर ऐकायचा नाही, त्याचं अंग बोलतं का ते ऐकायचं आहे.

आणि एक गोष्ट लपवत नाही. मी तो छेडून पाहिलेला नाही. धीर झाला नाही. तबलीत माझी चार भोकं आहेत. राळेचा थोडा थर लाकडात मुरलाय, तो निघत नाही. पहिल्यासारखा बोलेल का? मला माहीत नाही. सांगू शकले असते ते एकच होते, आणि ते गेले.

पण बोलला नाही, तर दोष माझ्या भोकांचा. थोडासाच बोलला, तर जे उरलं ते त्यांचं आणि जे गेलं ते माझ्यामुळे गेलं. कसंही झालं तरी मिस्त्रींचा हात गेला होता हे वाक्य या गावात पुन्हा ऐकून घेतलं जाणार नाही. निदान मी ऐकून घेणार नाही. ते सदोष म्हणणारं पत्र मी लिहिलं होतं. ते चूक होतं, असं मी त्याच अक्षरात लिहून आणलंय, खाली सही केली आहे. ते बैठकीत वाचलं जावं. नंतर तंबोरा माळ्यावर टाकायचा असेल तर मला ढकलून टाकावा लागेल.

आता दोन मिनिटं शांत उभं राहायची पद्धत आहे. मंडळी, मिस्त्रींना आपण खूप शांतता दिली. मी तर दहा महिने दिली. ती त्यांना आणखी नको आहे. तरीही मी शांतता मागतो, पण दुसऱ्या कामासाठी. उभे राहा. कुजबुज नको. मुलांना जवळ घ्या. यशोदाकाकू, तुम्ही अशा पुढे या, हुसेनभाई, तुम्हीही.

राघोमिस्त्री, कळंबकर, तंबोरा करणारे, तुम्हाला माझा नमस्कार.

अण्णाशेट, तुम्ही. मी नाही. ही खर्जाची तार. छेडा.